हिताची सीसाइड पार्कला जाताना

जपानमधील इबाराकी प्रांतात पॅसिफिक महासागराच्या काठी वसलेल्या हिताची सीसाइड पार्कला जायचे असेल, तर आधी कोणती फुले पाहायची आहेत हे ठरवावे आणि मगच तारीख निश्चित करावी. मिहाराशी टेकडी निळीशार करणारा नेमोफिला साधारणपणे एप्रिलच्या उत्तरार्धात ऐन बहरात असतो. कोकियाची उन्हाळ्यात हिरवी असणारी गोल झुडपे ऑक्टोबरमध्ये लाल होतात आणि महिनाअखेरीस सोनेरी तपकिरी दिसू लागतात. एप्रिलच्या अखेरीस सुरू होणाऱ्या ‘गोल्डन वीक’च्या सुट्ट्या शक्यतो टाळाव्यात, कारण तेव्हा टेकडीवर फुलांपेक्षा माणसेच अधिक दिसतात.

टोकियोहून जोबान मार्गावरील जलद गाडीने कात्सुता स्थानकावर उतरून पुढे बसने जाणे सोयीचे पडते. या गाडीत तिकिटावर आसन क्रमांक न मिळालेल्या प्रवाशाने आसनावरील दिवा पाहावा: लाल असेल तर जागा रिकामी, पिवळा असेल तर ती लवकरच आरक्षित प्रवाशाची होणार आणि हिरवा असेल तर ती विकली गेलेली असते.

पश्चिम प्रवेशद्वारातून आत गेल्यास टेकडी जवळ पडते आणि वाटेत ट्यूलिपची बागही लागते. नेमोफिलाचे फूल जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरचे असल्याने त्याचा पांढरा मध्यभाग पाहण्यासाठी वाटेवरच खाली वाकावे. ताटव्यात पाऊल टाकू नये. बहराच्या काळात प्रवेशशुल्क वाढते आणि एरवी उद्यानाला साप्ताहिक सुट्टीही असते, म्हणून निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळ अवश्य पाहावे.