मच्छरजाळीची वेल्क्रो पट्टी सुटते? गोंद निवडताना या चुका टाळा

एप्रिलमधल्या एका दुपारी आमच्या पश्चिमेच्या खिडकीची मच्छरजाळी कोपऱ्यातून लोंबायला लागली आणि संध्याकाळपर्यंत अर्धी खाली आली. जाळीला शिवलेली मऊ पट्टी आणि चौकटीवरची खरखरीत पट्टी एकमेकींना घट्ट धरून होत्या. सुटला होता तो चौकटीवरचा गोंद. बोट लावलं तर एकतारी पाकासारखी तार निघाली.

वेल्क्रो सुटली की आपण धावतो ते 'आणखी जबरदस्त' गोंद आणायला. पहिली चूक तीच. आधी गोंद कुठे राहिलाय ते पाहा. थोडा चौकटीवर, थोडा पट्टीवर आणि हाताला चिकट लागतोय, तर तो उन्हाने मऊ झाला. सगळा गोंद पट्टीवर आणि चौकट कोरी, तर चौकटीवर धूळ किंवा तेलकटपणा होता, नाहीतर पट्टी नीट दाबली गेली नव्हती. गोंदासोबत रंगाचा पापुद्राच निघाला, तर गोंद निर्दोष आहे. भिंतीचा डिस्टेंपरच कच्चा. तिथे कितीही महागडा गोंद लावला तरी तो रंगालाच धरणार, भिंतीला नाही.

आमच्या पट्टीचा गोंद रबरी होता. हा लावताक्षणी घट्ट बसतो, त्यामुळे विकत घेताना खात्री पटते. पण ऊन लागलं की ढिला पडतो. उन्हाच्या खिडकीला, गाडीत किंवा गच्चीवरच्या पडद्याला अ‍ॅक्रिलिक गोंदाची पट्टी घ्या. ती सुरुवातीला जरा कमकुवत वाटते, कारण तिची पकड हळूहळू चढते. पट्टी लावून किमान 24 तास जाळी अडकवू नका. लगेच जाळी लावून ओढून बघण्याचा मोह होतो आणि तिथेच कडा उचलली जाते.

लावण्याआधी जुना गोंद नीलगिरीच्या तेलाने काढा, पण ते तेल तसंच राहू देऊ नका. वरून स्पिरिटने पुसून कोरडं करा. नवी पट्टी कापताना कोपरे गोल कापा, कारण टोकदार कोपरा आधी उचकटतो. मग अंगठ्याने इंच-इंच दाबत जा. या गोंदाची ताकद दाबण्यातच आहे. पावसाळ्यात चौकट दमट असताना हे काम काढूच नका.

आता झटपट चिकटणाऱ्या गोंदाबद्दल. पिशवीची, सँडलची किंवा कमरेच्या पट्ट्याची वेल्क्रो निघाली की घरात पहिल्यांदा हीच छोटी ट्यूब शोधली जाते. कृपा करून कापडाला ती वापरू नका. हा गोंद काचेसारखा कडक होतो आणि कापड तर सतत दुमडतं, म्हणून चार दिवसांत तडकतो. शिवाय सुती कापडात मुरला की तो झपाट्याने तापतो, धूरही निघू शकतो. अंगावरच्या कपड्यावर थेंब पडला तर त्वचा भाजते. लहान मुलांच्या बुटांवर हा प्रयोग होताना पाहिला की मला खरंच धास्ती वाटते. कापडाला कडक नाही, चिवट गोंद लागतो.

असा चिवट गोंद म्हणजे चांभाराकडचं सोल्युशन किंवा सुतार ज्याला 'एसआर' म्हणतात तो. यात चूक होते ती घाईची. पट्टी आणि कापड, दोन्हीकडे पातळ थर द्यायचा आणि थांबायचं. बोट लावल्यावर गोंद बोटाला येत नाही, इतका सुकू द्यायचा. साधारण 10 ते 15 मिनिटं. मगच जोडून जोरात दाबायचं. ओला असतानाच जोडला तर आतला द्रव कोंडतो आणि पट्टी सरकत राहते. वासाला उग्र आणि पेट घेणारा आहे, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅसपासून लांब बसा. सुतारकामाचा पांढरा गोंद मात्र धुतल्या जाणाऱ्या कापडाला नको, पाण्याने तो सुटतो. ग्लू गनचा गोंदही उन्हात तापणाऱ्या वस्तूला टिकत नाही.

रेक्झिनचं दुखणं वेगळं. त्याला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि गोंदाला चिकट लगदा करून सोडतं. इथे आणि रोज ताण सोसणाऱ्या पट्ट्यांना शिलाईच करून घ्या. त्यासाठी मागे गोंद नसलेली साधी वेल्क्रो आणा. गोंदवाली पट्टी मशीनवर घातली तर सुई चिकट होते, टाके चुकतात आणि दोरा तुटतो.

जाळी धुवायला काढताना ती कोपऱ्यातून खसकन ओढू नका. एका हाताच्या अंगठ्याने चौकटीवरची पट्टी दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने जाळी थोडी थोडी सोडवत न्या. आमच्या त्याच खिडकीला नवी अ‍ॅक्रिलिक पट्टी लावून दोन उन्हाळे झाले, अजून एकही कोपरा उचललेला नाही.