फोल्डर वगळलं, तरी बॅकअप रखडतोय? या चुका टाळा

कॉपी झालेला डेटा 300 एमबी आणि लागलेला वेळ दोन तास, असा रिपोर्ट दिसला की आधी वगळलेल्या फोल्डरांकडे बघा. "वगळा" याचे दोन अर्थ होतात: फाइल कॉपी करू नकोस, किंवा फोल्डरमध्ये पाऊलच टाकू नकोस. नियम पहिल्या अर्थाने लिहिला असेल तर प्रोग्रॅम आत शिरतो, यादी वाचतो, एकेक नाव नियमाशी ताडून पाहतो आणि सोडून देतो. कॉपी शून्य, पण मेहनत पूर्ण.

या मेहनतीचा हिशेब असा. फिरत्या हार्ड डिस्कला एका जागेवरून दुसरीकडे जाऊन वाचायला साधारण 10 मिलिसेकंद लागतात. 10 लाख फाइलींसाठी दर वेळी असं जावं लागलं तर 10,000 सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांहून जास्त. ऑपरेटिंग सिस्टिम बरंच काही मेमरीत धरून ठेवते, त्यामुळे आकडा इतका वाईट क्वचितच येतो. एसएसडीवर तर हा खर्च बराच कमी असतो. नेटवर्कवरच्या ड्राइव्हवर मात्र फाइलमागे 1 मिलिसेकंद धरला तरी 16-17 मिनिटं नुसत्या विचारपूस करण्यात जातात.

नियम बदलण्याआधी खात्री करा. आरसिंक (फाइली कॉपी करणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर "-एन -व्हीव्ही" लावून चालवा. कॉपी काहीच होत नाही, पण काय वगळलं ते छापलं जातं. समजा कॅश (तात्पुरत्या फाइलींचं) फोल्डर वगळायचंय; त्याबद्दल "हायडिंग डिरेक्टरी" अशी एकच ओळ आली तर नियम ठीक आहे. त्याऐवजी आतल्या फाइलींच्या नावाने "हायडिंग फाइल"च्या हजारो ओळी धावू लागल्या, तर चोर तिथेच आहे. इतर प्रोग्रॅमसाठी लिनक्सवर एसट्रेस (प्रोग्रॅम सिस्टिमकडे काय मागतो ते दाखवणारं साधन) लावून "ओपनअ‍ॅट", म्हणजे फाइल किंवा फोल्डर उघडण्याचे कॉल बघा, विंडोजवर प्रोसेस मॉनिटरमध्ये त्या फोल्डरच्या पाथचा फिल्टर लावा. वगळलेलं फोल्डर यादीसाठी उघडलेलं किंवा त्याच्या आतले पाथ दिसायला नकोत.

आरसिंकच्या नियमांत सगळ्यात जास्त नडतो तो तारा (*). "कॅश/*" लिहिलं की आतल्या गोष्टी वगळल्या जातात, फोल्डर नाही; म्हणून ते उघडून पहिल्या पातळीची यादी वाचावीच लागते. तिथेच लाखभर फाइली सपाट पडल्या असतील तर बसा वाट बघत. "कॅश/" लिहा. शेवटचा स्लॅश म्हणजे नियम फक्त फोल्डरला लागू. सुरुवातीचा स्लॅश मात्र डिस्कच्या मुळापासून मोजला जात नाही, बॅकअपच्या मुळापासून, म्हणजे कॉपी जिथून सुरू होते तिथून मोजला जातो. स्रोत "/होम/युजर/" असेल तर "/होम/युजर/कॅश/" हा नियम कशालाच लागत नाही आणि अख्खं कॅश कॉपी होतं. तिथे "/कॅश/" हवं. स्रोताचा शेवटचा स्लॅश काढलात तर तेच "/युजर/कॅश/" होतं.

विंडोजच्या रोबोकॉपी या कॉपी कमांडमध्ये "/एक्सएफ" फाइलींसाठी असतो, "/एक्सडी" फोल्डरांसाठी. "/एक्सएफ *.टीएमपी" दिल्यावर प्रत्येक फोल्डर तपासावंच लागतं. सोबत "/एक्सजे" द्या, नाहीतर जंक्शनमुळे (दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या दुव्यामुळे) तो त्याच त्याच फोल्डरांत गोल फिरू शकतो.

बोर्ग या बॅकअप प्रोग्रॅमच्या पॅटर्न फाइलमध्ये (नियमांच्या यादीत) फरक एका चिन्हाचा आहे. ओळीच्या सुरुवातीला "-" असेल तर फोल्डर वगळलं जातं, पण आत काही घ्यायचं आहे का हे बघायला बोर्ग खाली उतरतोच. "!" लावलं की उतरत नाही. आतलं काहीही नको असेल तर "!"च वापरा.

स्वतःची स्क्रिप्ट असेल तर फाइंड या फाइली शोधणाऱ्या कमांडची ओळ तपासा. "-नॉट -पाथ './कॅश/*'" फक्त छापायचं थांबवतं, चालणं नाही. हवं ते असं:

फाइंड . -पाथ ./कॅश -प्रून -ओ -टाइप एफ -प्रिंट

शेवटचं "-प्रिंट" विसरलात तर "./कॅश" हे नावही यादीत येतं.

वगळलेल्या फोल्डरातली एखादीच फाइल हवी, हा मोह महागात पडतो. तिच्यासाठी पूर्ण फोल्डर उघडं ठेवावं लागतं. ती फाइल बाहेर हलवणं स्वस्त. प्रोग्रॅममध्ये आत न शिरण्याची सोयच नसेल तर उलट करा: कॅश फोल्डरच बॅकअपच्या मुळाबाहेर न्या आणि संबंधित अ‍ॅपला नवा पाथ द्या.

बदल केल्यावर लगेच वेळ मोजू नका. दुसऱ्या फेरीत फाइलींची माहिती मेमरीतून येते, त्यामुळे चुकीचा नियमही वेगवान वाटतो. जुन्या आणि नव्या, दोन्ही नियमांची मोजणी मशीन रीस्टार्ट करूनच करा.