मॅन्युअल फोकस मॅक्रो लेन्स घेताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच फोटोग्राफर मंडळींना एकाच लेन्सकडून दोन कामं हवी असतात. लग्नसराईत नवरीचा चेहरा आणि तिची नथ; पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या रानातले बेडूक, किडे, रानफुलं. मॅन्युअल फोकस मॅक्रो, म्हणजे हाताने फोकस करायची आणि अगदी जवळून छोट्या वस्तू मोठ्या टिपणारी लेन्स, या दोन्हींसाठी खरोखर चांगली आणि खिशाला झेपणारी लेन्स आहे. पण घेताना लोक रेशो (विषयाची प्रतिमा सेन्सरवर किती मोठी उमटते ते प्रमाण; 1:1 म्हणजे खऱ्या आकाराएवढी, 1:2 म्हणजे निम्मी) बघतात, किंमत बघतात, शार्पनेसचे नमुने झूम करून बघतात. आपण विषयापासून किती लांब उभे राहणार आहोत, हे मात्र कुणी विचारात घेत नाही. माझ्या मते निवड तिथूनच सुरू व्हायला हवी.

अंतराचा विचार न करता फोकल लेंथ ठरवणं

लेन्सच्या माहितीत दिलेलं किमान फोकस अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं, पुढच्या काचेपासून नव्हे. 100 मिमीच्या नेहमीच्या 1:1 मॅक्रोचं हे अंतर साधारण 30 सेंटिमीटर असतं. त्यातून बॉडी आणि लेन्सची लांबी वजा केली की पुढे 13 ते 15 सेंटिमीटर उरतात. 40 किंवा 60 मिमीची लेन्स असेल तर विषय काचेपासून काही बोटांवर येतो. शहापूर-वडगावच्या मागावरचा धागा टिपायला तेवढं पुरतं, धागा कुठे पळून जात नाही. पण फुलपाखरू उडतं, आणि लेन्सची सावली विषयावर पडते ती वेगळीच.

रात्रीच्या रानात तर हा प्रश्न जिवाचा होतो. आंबोली-चोर्ल्याच्या पट्ट्यात पावसाळ्यात झुडपांवर मलबारी चापडा दिसतो. हा विषारी साप आहे आणि तासन्‌तास एकाच जागी बसतो, त्यामुळे हळूहळू जवळ सरकायचा मोह होतो. त्याच्यासाठी 1:1 ची गरजच नाही. 100 मिमी लेन्सने मीटरभर लांबून तो वेटोळ्यासकट फ्रेममध्ये बसतो. छोटी लेन्स असली की माणूस नकळत हातभर अंतराच्या आत जातो. तसं करू नका.

चेहऱ्याच्या बाजूनेही हिशोब हाच. फुल फ्रेमवर (36 मिमी रुंद सेन्सरवर) 50-60 मिमी लावून फक्त चेहरा भरायला गेलात की फार जवळ जावं लागतं, आणि नाक मोठं, कान मागे गेलेले दिसतात. फुल फ्रेमवर 90 ते 105 मिमी घ्या. क्रॉप सेन्सरवर (त्याहून लहान सेन्सरवर) 60 मिमी लेन्स साधारण 90 मिमीइतकं दृश्य देते, चेहऱ्यासाठी ती छान. मात्र क्रॉप बॉडीवर किडे हाच मुख्य विषय असेल, तर 90 मिमीच घ्या आणि चेहऱ्याच्या वेळी दोन पावलं मागे जा.

1:1 च पाहिजे हा हट्ट

जुन्या नावाजलेल्या मॅन्युअल मॅक्रोंपैकी बऱ्याच लेन्स 1:2 वर थांबतात. निकॉनच्या 55 मिमी आणि 105 मिमी एफ/2.8 एआय-एस (निकॉनच्या जुन्या मॅन्युअल लेन्सची एक पिढी), टॅमरॉनची 90 मिमी एफ/2.5, या सगळ्या त्यातल्याच. 'अर्धीच मॅक्रो' म्हणून लोक त्या सोडून देतात. फुल फ्रेमवर 1:2 ला 72 मिमी रुंदीचा भाग फ्रेममध्ये येतो, क्रॉप सेन्सरवर सुमारे 47 मिमी. नथ, तुशी, मंगळसूत्राच्या वाट्या, हातावरची मेंदी, अथणीच्या कारागिराने चपलेवर घातलेली वेणी, हे सगळं त्यात आरामात येतं. लग्नाचं काम प्रामुख्याने करणाऱ्याने 1:1 साठी जादा पैसे मोजायची काही गरज नाही.

सड्यावरच्या दवबिंदूची गोष्ट वेगळी. या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानावरचे चिकट थेंब वेगवेगळे दिसायला हवे असतील तर 1:1 किंवा त्याहून जास्तच लागतं. तिथे लाओवाच्या 100 मिमीसारखी 2:1 पर्यंत जाणारी लेन्स उपयोगी पडते. निकॉनच्या 55 मिमीला 27.5 मिमीची पीके-13 रिंग (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी पोकळ रिंग) लावली की तीही 1:1 ला पोचते.

दोन इशारे. झूम लेन्सवर 'मॅक्रो' छापलेलं असलं तरी त्यातल्या कितीतरी 1:4 च्या पुढे जात नाहीत. आणि कॅननची एमपी-ई 65 मिमी ही फक्त 1 ते 5 पटींमध्येच काम करते. तिने माणसाचा चेहरा काढताच येत नाही. स्वस्तात मिळाली तरी दोन्ही कामांसाठी म्हणून ती घेऊ नका.

अडॅप्टर बसला म्हणजे झालं, असं समजणं

माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीचं वेगळं. निकॉन एफ 46.5 मिमी, कॅनन ईएफ 44, जुना कॅनन एफडी 42, सोनी ई 18, निकॉन झेड 16. मिररलेसचं (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचं) अंतर कमी असल्यामुळे त्यावर साध्या पोकळ अडॅप्टरने जवळपास सगळ्या जुन्या लेन्स नीट चालतात. एफडी लेन्स कॅननच्याच डीएसएलआरवर लावली तर ती हवी त्यापेक्षा सेन्सरपासून लांब बसते आणि लांबचा फोकस जातो. फुलाचा फोटो येईल, पण मांडवात उभ्या असलेल्या जोडप्याचा पूर्ण फोटो घ्यायला गेलात की रिंग टोकाला जाऊनही चित्र धूसरच राहील.

निकॉनची डी 3000 किंवा डी 5000 मालिकेतली बॉडी असेल, तर एआय-एस लेन्सवर तिचा मीटर चालत नाही. एम (मॅन्युअल) मोडवर ठेवा, एक फोटो काढा, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघून शटर कमी-जास्त करा. एआय पिढीच्या आधीच्या निकॉन लेन्स मात्र काही निकॉन बॉडींच्या माउंटजवळची बारीक पट्टी मोडू शकतात. नीट चौकशी केल्याशिवाय त्या जबरदस्तीने फिरवू नका.

जुनी लेन्स वरवर बघून घेणं

कोल्हापूर, गोवा, पुण्याहून किंवा ऑनलाइन जुनी लेन्स घेताना बाहेरचे ओरखडे बघून किंमत पाडायची आपल्याकडे पद्धत आहे. बाहेरच्या ओरखड्यांनी फोटोचं फारसं बिघडत नाही. आत बघा. ॲपर्चर पूर्ण उघडा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकस बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर फंगस. सगळीकडे दुधाळ पडदा दिसला तर आतल्या काचांवर धुकं धरलेलं आहे, आणि उजेडासमोर असा फोटो फिका येणार. मग ॲपर्चरची पाती बघा. कोरडी आणि चटकन मिटणारी हवीत, तेलकट चमक नको.

फोकस रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन-तीनदा फिरवा. मॅन्युअल लेन्समध्ये सगळं काम याच रिंगवर असतं, म्हणून इथे तडजोड करू नका. ग्रीस वाळलं की ती मध्येच अडते. निकॉनच्या 55 मिमी एफ/2.8 मध्ये हे आणि तेलकट पाती, दोन्ही दुखणी नेहमीची आहेत. शेवटी भिंतीवर 'तरुण भारत'चं पान सपाट चिकटवा आणि एफ/2.8 व एफ/8 वर एकेक फोटो काढा. एका कोपऱ्यातली अक्षरं स्वच्छ आणि समोरच्या कोपऱ्यातली सतत पुसट येत असतील, तर आतली काच हललेली असण्याची शक्यता आहे.

लेन्स आली, पण फोटो जमत नाहीत

शटरच पडत नाही? मिररलेस बॉडीला जुनी लेन्स ओळखता येत नाही. मेनूत 'रिलीज विदाउट लेन्स' असा पर्याय शोधून चालू करा. बॉडीत स्टॅबिलायझर असेल तर फोकल लेंथ हाताने भरा, नाहीतर तो चुकीचा हिशोब धरून चित्र हलवतो.

स्क्रीनवर रंगीत कडा दिसत होत्या, तरी डोळा शार्प नाही? फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) फक्त कॉन्ट्रास्ट दाखवतं. पापणीचा केसही रंगतो आणि भुवईही. सव्वा मीटरवरून 100 मिमी एफ/2.8 ला फुल फ्रेमवर जेमतेम दोन सेंटिमीटर खोली शार्प असते. चित्र मोठं करून जवळच्या डोळ्यावर फोकस लावा, नाहीतर एफ/4 वर जा. बसलेल्या माणसाला पाठ टेकायला लावली की निम्मं काम सोपं होतं.

जवळून मात्र रिंग फिरवत बसू नका. हवा तेवढा आकार रिंगवर पक्का करा आणि स्वतः किंचित पुढे-मागे होत, डोळा किंवा केसर स्पष्ट दिसताच तीन-चार फोटो सलग काढा. 1:1 ला एफ/8 वरही फुल फ्रेममध्ये एक मिलिमीटरच शार्प असतो, त्यामुळे वारा असला की प्रयत्न वाया जातात. म्हणून लोक थेट एफ/22 लावतात आणि सगळंच मऊ येतं. 1:1 ला प्रत्यक्षातलं ॲपर्चर जवळपास दुप्पट बारीक होतं, एफ/22 म्हणजे एफ/45 च्या आसपास, आणि तिथे डिफ्रॅक्शन (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरणं) तपशील खातं. एफ/8 ते एफ/11 वर थांबा. कमी पडणारा उजेड फ्लॅशने भरून काढा. फ्लॅश बॉडीपासून बाजूला धरा आणि पुढे बटर पेपर लावा, म्हणजे ओल्या पानावर पांढरे डाग पडत नाहीत.

भीमगड अभयारण्यात जायचं असेल तर वनखात्याची परवानगी घ्या. कुठल्याही रानात बेडूक हाताने उचलून हव्या त्या पानावर ठेवू नका.

आणि खानापूरच्या पावसातून आल्यावर लेन्स चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवू नका, चामडं ओल धरतं. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर ठेवा. आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांत राहिली पाहिजे. जेलचे दाणे रंग बदलले की ते तापवून वाळवा आणि परत डब्यात टाका.