जुनी युद्धपदकं जमवताना या चुका टाळा

सोलापुरात मधल्या मारुतीच्या बाजूला एखाद्या सराफाच्या मोडीत पाचव्या जॉर्जचा मुखवटा असलेलं चांदीचं गोल पदक दिसलं, तर वजन नंतर करा, आधी कड बघा. पहिल्या महायुद्धाच्या या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. पदकाचं खरं मोल तिथंच आहे. नाव खरवडलेलं असेल तर हातात नुसती चांदी उरते. म्हणूनच चिंच, राख किंवा पॉलिश लावून मेडल चकचकीत करणं ही सगळ्यात वाईट चूक. अक्षरं एकदा बुजली की गेलीच. मऊ सुती कापडानं धूळ पुसा, बस्स. हेच पदक ब्राँझचं निघालं तर नकली म्हणून टाकूही नका. मजूर पलटणींतल्या अनेक भारतीयांना ते ब्राँझमध्येच मिळालं.

घरात पदक आहे म्हणजे आजोबांना ते शौर्यासाठी मिळालं, असंही धरून चालू नका. मोहिमेचं पदक ठरलेल्या काळात, ठरलेल्या भागात नेमणुकीवर असलेल्या सगळ्यांना मिळतं. दुसऱ्या महायुद्धाच्या वॉर मेडलला तर 28 दिवसांची नोकरी पुरेशी होती. यानं आजोबा लहान होत नाहीत. बर्मा स्टार हे ब्रह्मदेशातल्या मोहिमेचं पदक. ती ब्रह्मदेशच्या जंगलात तापानं फणफणत रसद पोचवणाऱ्याचीही नोंद आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

विकणाऱ्याची गोष्ट पदकावरच्या सालाशी ताडून बघा. 13 सप्टेंबर 1948 ला निजामाच्या हैदराबादवर चाल करणारी भारताची मुख्य फौज सोलापूरकडूनच निघाली होती, त्यामुळे ‘रझाकारांच्या वेळचं’ म्हटलं की आपल्याकडे चटकन पटतं. पण पदकाच्या मागच्या बाजूला सिंह आणि 1939, 1945 ही सालं असतील तर ते दुसऱ्या महायुद्धाचं वॉर मेडल, त्या कारवाईचं नव्हे. तसंच, पहिल्या महायुद्धाची 1914 स्टार आणि 1914-15 स्टार ही दोन पदकं एकाच शिपायाला मिळत नसत. दोन्ही एका पट्टीवर दिसली तर ती जोडी मागाहून लावलेली आहे.

वाटणीत एकाच माणसाची पदकं भावाभावांत वाटून टाकू नका. ती एकत्र असली तरच त्याची नोकरी वाचता येते. विरलेली फीतही जपा. डिस्चार्जचे, पेन्शनचे कागद शोधा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे. तिकडे पत्र लिहिताना कडेवरचा नंबर आधी घाला, कारण एकाच नावाचे शिंदे-जाधव पलटणीत कितीतरी असायचे.