६ मीटरचा थांबा संपत नाही? ग्रेडियंट फॅक्टर तपासा

डायव्हरने वर येताना कुठे किती थांबायचं ते काढणारा प्रोग्राम. ब्यूलमान झेडएचएल-१६सी (शरीराचे सोळा कप्पे धरून विरघळलेल्या वायूचा हिशेब करणारं मॉडेल), ग्रेडियंट फॅक्टर (मॉडेलच्या मर्यादेचे किती टक्के वापरायचे) ३०/७०: पहिल्या थांब्याला ३०, पृष्ठभागावर ७०. पहिला थांबा १८ मीटर, तो बरोबर. १२, ९, ६ चे मात्र भलतेच लांब. बाष्पदाब (०.०६२७ बार) आणि हाफ-टाइम (कप्पा निम्मा भरायला लागणारा वेळ) तपासले, ठीक होते. डोकं पिकलं.

चूक अशी: प्रत्येक फेरीत चालू थांबाच 'पहिला' धरला जात होता.

आधी फॅक्टर (फॅ) = ०.३० घेऊन सोळाही कप्प्यांसाठी: (कप्प्यातला दाब − ए×फॅ) ÷ (फॅ÷बी + १ − फॅ). ए आणि बी हे मॉडेलने त्या कप्प्यासाठी ठरवलेले आकडे. सर्वांत मोठं उत्तर घ्या, पृष्ठभागाचा दाब वजा करा, मीटर करून ३ च्या पटीत खोलीकडे वाढवा. हा आकडा एकदाच साठवा, पुन्हा हात लावू नका.

मग फॅक्टर (टक्क्यांत) = ७० − ४० × पुढचा थांबा ÷ साठवलेला आकडा. ६ वरून ३ ला निघताना ६३.३ हवा, ५० दिसला तर हाच बग. शेवटच्या थांब्यावर बरोबर आणि चुकलेल्या, दोन्ही कोडमध्ये ७०च येतो, म्हणून बग लवकर सापडत नाही.