जुनं जावा अ‍ॅपलेट उघडत नाहीये?

अ‍ॅपलेट म्हणजे वेबपेजच्या आत चालणारा छोटा जावा प्रोग्राम. त्याच्या जागी नुसता राखाडी चौकोन दिसत असेल तर जावा पुन्हापुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. दोष बहुतेकदा ब्राउझरचा असतो. अ‍ॅपलेट चालवायला ब्राउझरला प्लगइन (जोड-प्रोग्राम) लागतं. क्रोमने असे प्लगइन 2015 मध्येच बंद केले, फायरफॉक्सने 2017 मध्ये.

पेज फक्त बघायचं असेल, तर आधी क्रोम किंवा एजमध्ये चीअरपीजे अ‍ॅपलेट रनर हे एक्स्टेन्शन टाकून बघा. जावा लागतच नाही. साधी अ‍ॅपलेट्स चालून जातात, मात्र पहिल्यांदा लोड व्हायला वेळ घेतात, तेवढा धीर धरा.

तेवढ्याने भागलं नाही तर विंडोजवर एजचा इंटरनेट एक्सप्लोरर मोड. सेटिंग्जमध्ये ‘डीफॉल्ट ब्राउझर’खाली तो सुरू करा, पेज त्यात रीलोड करा. इथे मात्र जावा 8 हवं. 11 पासून प्लगइनच काढून टाकलंय, नवीन आवृत्ती घालून काही उपयोग नाही. तरीही ‘ब्लॉक्ड’ आलं तर जावा कंट्रोल पॅनेलच्या सिक्युरिटी टॅबमध्ये, एक्सेप्शन साइट लिस्टमध्ये पत्ता टाका, एचटीटीपीसकट. ओळखीच्या साइटचाच बरं का! काम झालं की तो काढूनही टाका.