बरीच वर्षे उभी असलेली जुनी मोटार घेताना आणि पुन्हा चालती करताना

वर्षानुवर्षे बंद राहिलेली मोटार दाखवताना विकणारा बहुधा आवर्जून सांगतो, की गाडी उभी केली तेव्हा ती चालू स्थितीत होती. हे खरे असले तरी घेणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नसतो. मोटार वापराने झिजते तशी नुसती उभी राहूनही बिघडते, आणि तो बिघाड निराळ्याच जागी होतो: पेट्रोलच्या टाकीत, ब्रेकच्या सिलिंडरांत, रबरी नळ्यांत आणि सर्वांत जास्त पत्र्यात.

म्हणून गाडी घ्यायची की नाही हे पत्र्यावरून ठरवावे, इंजिनावरून नव्हे. इंजिन उतरवून दुरुस्त करता येते. सडलेला सांगाडा मात्र कापून नव्याने जोडावा लागतो, आणि त्या कामाची व्याप्ती कापायला सुरुवात केल्याशिवाय कोणालाच नीट सांगता येत नाही. दारांखालच्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी, बॅटरीखालचा पत्रा, डिकीतील स्टेपनीचा खळगा, जॅक लावण्याच्या जागा आणि स्प्रिंगचे पाटे जिथे चासीला अडकवलेले असतात ते कोपरे टॉर्च घेऊन, गाडीखाली शिरून तपासावेत. मऊ कापडात गुंडाळलेले लहान लोहचुंबक पोलादी पत्र्यावर फिरवावे. ज्या ठिकाणी ते नीट चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवणाऱ्या पुट्टीचा, जाड थर असण्याची शक्यता मोठी. दार अर्धे उघडून हळूच वर उचलून पाहावे. ते हलले तर निदान बिजागरी झिजलेली असते. बिजागरीसह खांबच हलला तर दुखणे बरेच खोल आहे. विकण्यापूर्वी मारलेला चकचकीत नवा रंग मला नेहमी संशयास्पद वाटतो, कारण विटलेल्या जुन्या रंगाखाली काय चालले आहे ते निदान दिसते तरी.

चासीवरचा आणि इंजिनावरचा क्रमांक कागदपत्रांशी स्वतः जुळवून पाहावा. त्याचबरोबर हरवलेल्या वस्तूंची यादी करावी. पिस्टन किंवा बेअरिंग मिळणे एक वेळ सोपे असते. त्याच मॉडेलची पुढची वाकलेली काच, मागच्या दिव्याचे भिंग किंवा क्रोमची पट्टी शोधण्यात मात्र अनेकदा सर्वाधिक वेळ जातो.

गाडी आणायची ती ट्रेलरवर. आणल्यावर बॅटरी लावून सेल्फ मारण्याचा मोह आवरावा, कारण जुन्या गाड्यांच्या इंजिनांचे टाळता येण्याजोगे नुकसान बहुतेक याच क्षणी होते. पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंजाने धरलेल्या असू शकतात आणि व्हॉल्व्ह आपापल्या गाइडमध्ये अडकलेले असू शकतात. अशा वेळी सेल्फचा जोर रिंग मोडतो किंवा पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला लावणारा दांडा) वाकवतो. त्याऐवजी सर्व प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे आणि एक-दोन दिवस मुरू द्यावे. मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने, फिरण्याच्या मूळ दिशेनेच सावकाश फिरवावे. अडले तर जोर न लावता पुन्हा तेल सोडून थांबावे. त्यानेही न सुटल्यास हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवणेच शहाणपणाचे. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवणारा पट्टा) आहे तिथे नवा बेल्ट बसवल्याशिवाय सेल्फ वापरूच नये.

इंजिन मोकळे फिरू लागले की जुने ऑइल आणि फिल्टर बदलावेत. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर यांत्रिक फ्युएल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरले असण्याची शक्यता असते. टाकीतले जुने पेट्रोल पूर्ण काढून टाकावे; त्याला वॉर्निशसारखा वास येतो आणि त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतो, त्यामुळे कार्ब्युरेटर खोलून धुणे ओघाने आलेच. पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या दिसायला चांगल्या असल्या तरी बदलाव्यात. जुने रबर इथेनॉलमिश्रित पेट्रोलपुढे टिकत नाही, आणि तापलेल्या इंजिनावर गळणारे पेट्रोल म्हणजे आग.

वायरिंग उंदरांनी कुरतडलेले नाही ना, हे इंचाइंचाने पाहावे. बॅटरी जोडण्यापूर्वी गाडी 6 व्होल्टची आहे की 12 व्होल्टची, आणि बॉडीला कोणते टोक जोडलेले आहे हे मॅन्युअलमधून पडताळावे. ब्रिटिश बनावटीच्या अनेक जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असते. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटवर (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर) गंजाचा पातळ थर चढलेला असतो, तो बारीक पॉलिश पेपरने काढून गॅप मॅन्युअलप्रमाणे लावावा.

पहिल्यांदा इंजिन चालू करताना गाडी उघड्यावर असावी, चाकांना अडण लावलेली असावी आणि अग्निशामक हाताशी असावा. रेडिएटर भरून, प्लग न लावता आणि इग्निशन कॉइलची वायर काढून, ऑइलचा दाब दिसेपर्यंत सेल्फ थोडा थोडा मारावा. त्यानंतरच प्लग लावावेत. पेट्रोल टाकीतून न घेता वेगळ्या स्वच्छ डब्यातून द्यावे, म्हणजे टाकीतला गंज कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचत नाही. चालू झाल्यावर ऑइलचा दाब लगेच दिसला नाही तर तत्काळ बंद करावे. मुरलेले तेल जळत असल्यामुळे सुरुवातीचा धूर स्वाभाविक असतो. मात्र इंजिन तापल्यावरही दाट पांढरी वाफ येत राहिली तर हेड गॅस्केटची तपासणी करावी.

इंजिन चालू झाले तरी गाडी हलवायची नाही, कारण ब्रेकचे काम अजून राहिलेले आहे. सर्वसाधारण ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे सिलिंडर आतून गंजतात. मास्टर सिलिंडर आणि चाकांमधले सिलिंडर खोलून रबरे बदलावीत, लवचिक होजही नवे घालावेत. जुना होज आतून फुगलेला असेल तर पेडल सोडल्यावरही ब्रेक लागलेलाच राहतो. नवे ऑइल उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचेच हवे, कारण काही गाड्यांना खनिज तेल लागते. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसून काढावी.

टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्याचे वय पाहावे. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा सांकेतिक क्रमांक असेल, तर त्याचे शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात: 3217 म्हणजे 2017 सालचा 32वा आठवडा. तिथे तीनच आकडे असतील तर तो टायर 2000 सालापूर्वीचा आहे आणि त्यावर गाडी ढकलण्यापलीकडे काही करू नये.

पहिली फेरी बंद आवारात, चालण्याच्या वेगाने घ्यावी आणि प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबून पाहावा. परतल्यावर चारही ड्रमना हात जवळ नेऊन उष्णता जाणवते का ते पाहावे, कारण एखादेच चाक गरम असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. थोडे अंतर कापले गेले की ऑइल पुन्हा बदलावे. वर्षानुवर्षांचा गाळ पहिल्या काही दिवसांतच सुटतो. वाळलेले ऑइल सील मात्र बऱ्याचदा तेव्हाच गळू लागतात, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवावा आणि डाग कुठे पडतात ते पाहून एकेक सील बदलत जावे.